टेनिसच्या सिंगल्समध्ये पॉइंट बांधायचा कसा? रिटर्नपासून नेटपर्यंत

सेकंडसर्व्ह

फोरहँड कसा मारावा, टॉस किती उंच टाकावा यावर भरपूर लिहिलं जातं. फटके बऱ्यापैकी येत असूनही सिंगल्सचा सामना का निसटतो, यावर मात्र मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. डबल्ससाठी वेगळा काढू.

माझं मत आधी मांडतो. क्लबच्या सिंगल्समध्ये पॉइंट विनरपेक्षा चुकांवर जास्त संपतात, हे खरं. पण त्यावरून 'नुसता चेंडू परत टाकत राहा' असा जो सल्ला सर्रास दिला जातो तो अर्धवट आहे. क्लबातला सर्वात कच्चा फटका म्हणजे दुसरी सर्व्हिस. तिच्यावर खोल रिटर्न, त्यातून मिळालेला आखूड चेंडू, त्यावर पुढे जाण्याचा फटका म्हणजे अ‍ॅप्रोच आणि मग नेट, ही साखळी बसली तर कितीही चिवट खेळणारा समोर असला तरी त्याला उत्तर मिळतं.

जाणकारांनी लिहावं: रिटर्नला नेमकं कुठे उभं राहायचं, आखूड चेंडू कुठे मारून पुढे जायचं आणि नेटवर पोचल्यावर कोणती जागा धरायची. 'सराव करा' एवढं सोडून काहीही चालेल.

लालमाती

उत्तम विषय. वाचनखूण साठवली आहे, सवडीने क्ले कोर्टबद्दल लिहिते.

चिवट

रिटर्नपासून सुरुवात करतो.

जागा ठरवताना आधी सर्व्हिसचा कोन बघा, वेग नंतर. सर्व्हर मधल्या खुणेजवळ उभा आहे असं धरा. टीवर (मधली रेषा सर्व्हिस लाइनला मिळते तिथे) पडणारी सर्व्हिस आणि वाइड, म्हणजे साइडलाइनकडे, जाणारी सर्व्हिस या दोन रेषांच्या बरोबर मधोमध तुम्ही हवेत. ड्यूस (उजवं) कोर्ट असो की ॲड (डावं), ही जागा सिंगल्सच्या साइडलाइनपासून एक-दोन पावलं आत येते. सर्व्हर साइडलाइनकडे सरकला तर तुम्हीही तेवढं बाहेर सरका. बरेच जण इथे जागचे हलत नाहीत आणि वाइड सर्व्हिसपर्यंत पोचता आलं नाही की पायांना दोष देतात.

पुढे-मागे होण्याचा हिशोब वेगळा. बेसलाइनवर उभं राहिलं तर या दोन रेषांमधलं अंतर साधारण १७-१८ फूट भरतं. दहा फूट मागे गेलात की ते २० फुटांपर्यंत जातं, स्लाइस (बाजूला वळणारी) किंवा किक (उंच उसळणारी) सर्व्हिस असेल तर आणखी वाढतं. मागे जाऊन वेळ मिळतो, पण धावायला जास्त लागतं. मेदवेदेव पार मागे उभा राहून रिटर्न करतो ते त्याच्या लांब हातापायांमुळे आणि तिथूनही खोल मारता येतं म्हणून. तेवढ्याच मागून कोणी लोंबता रिटर्न टाकला तर सर्व्हरला पुढे यायचं आमंत्रणच.

आता क्रम. सर्व्हर टॉस टाकतो तेव्हा एक पाऊल पुढे. त्याची रॅकेट चेंडूकडे वर जाताना छोटी उडी, म्हणजे स्प्लिट स्टेप. त्याच्या रॅकेटवरून चेंडू सुटायच्या क्षणी तुमचे पाय जमिनीवर टेकत असले पाहिजेत. उडी लवकर झाली तर तुम्ही पुन्हा जागेला खिळता, उशिरा झाली तर चेंडू येतो तेव्हा पाय हवेत असतात. मग फक्त खांदे वळवायचे. रॅकेट वेगळी मागे न्यायची नाही, खांद्यांबरोबर जेवढी जाते तेवढी पुरे. जोरदार पहिल्या सर्व्हिसवर रॅकेट मागच्या कुंपणापर्यंत नेणारा माणूस दहातले सात रिटर्न उशिराच मारणार.

न्यूजर्सीकर

चिवट यांच्याशी जागेबाबत सहमत. लक्ष्याबद्दल भर घालतो. इथल्या लीगमध्ये ३.५ (म्हणजे मध्यम) पातळीवर रिटर्न करणारे थेट साइडलाइनला मारायला जातात. पहिल्या सर्व्हिसवर लक्ष्य एकच असू द्या: मधोमध, खोल, नेटच्या तीन-चार फूट वरून. कारणं तीन. नेट मध्यभागी ३ फूट असतं आणि खांबांकडे साडेतीन फुटांपर्यंत चढतं, त्यामुळे मधून मारताना सहा इंच फुकट मिळतात. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना साडेतेरा फूट जागा असते, म्हणजे चेंडू थोडा भरकटला तरी आत पडतो. आणि मधोमध खोल आलेल्या चेंडूवर सर्व्हरला कोन काढता येत नाही, शिवाय तो त्याच्या पायाशी येतो.

दुसऱ्या सर्व्हिसवर मात्र क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरकं, मारा. आणि उभं राहताना दोन-तीन पावलं पुढे या. समोरच्याला तुम्ही पुढे आलेले दिसलं पाहिजे, त्यानेही काही डबल फॉल्ट पडतात.

आगाऊ_लॉब

डबल्समध्ये निदान पार्टनरकडे बघता येतं, सिंगल्समध्ये तीही सोय नाही :) वाचतोय.

पॉवरगेम

किंचित असहमत. रिटर्नला एवढं महत्त्व देताय, पण चांगली सर्व्हिस असली की रिटर्नला कोण विचारतं? २०१९ ला बालेवाडीत अँडरसन आणि कार्लोविचची फायनल आठवा. तिन्ही सेट टायब्रेकला गेले. दोघांनाही रिटर्नवर फारसं काही करता आलं नाही. त्यापेक्षा सर्व्हिस सुधारा, सामने आपोआप जिंकाल.

चिवट

पॉवरगेम, कार्लोविच २ मीटर ११ सेंटीमीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरून चेंडू खाली येतो तेव्हा त्याला कोर्टाचा जो तुकडा उपलब्ध असतो तो आपल्या क्लबातल्या पाच फूट आठ इंचांच्या माणसाला नसतो. आपल्याकडे पहिली सर्व्हिस निम्म्या वेळा नेटमध्ये जाते आणि दुसरी लोंबत येते. ती फायनल मीही आवडीने बघितली, पण क्लबच्या सिंगल्सला ते माप लावू नका.

शिवाय तुमचे जवळपास अर्धे पॉइंट रिटर्ननेच सुरू होतात. ते सोडून कसं चालेल?

कोर्ट_नं_तीन

+१ चिवट. फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलेला आकडा इथे उपयोगी आहे. त्याने कारकिर्दीत १५२६ सिंगल्स सामने खेळले, त्यातले जवळजवळ ८० टक्के जिंकले. पण पॉइंट किती जिंकले? ५४ टक्के. शंभरातले चार-पाच पॉइंट इकडचे तिकडे झाले की निकाल फिरतो. मग प्रश्न असा की हे चार-पाच पॉइंट सर्वात स्वस्तात कुठे मिळतील? दुसऱ्या सर्व्हिसच्या रिटर्नवर. धागाकर्त्याचा मुद्दा पक्का आहे.

डावखुरी

आम्हा डावखुऱ्यांचं गणित इथे लिहून ठेवते, आमच्याविरुद्ध खेळणाऱ्यांना कामाला येईल.

डावखुऱ्याची स्लाइस सर्व्हिस ॲड कोर्टात बाहेर पळते, थेट उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडच्या पलीकडे. आणि ब्रेक पॉइंट (जो जिंकला तर सर्व्हरचा गेम रिटर्नरला मिळतो) बहुतेक ॲड कोर्टातच येतात. ०-४०, ३०-४०, ड्यूसनंतर रिटर्नरचा ॲडव्हान्टेज, सगळे ॲडमध्ये. त्यामुळे अडचणीच्या वेळी आमच्या हातात नेमकी आमची सर्वात चांगली सर्व्हिस असते.

उपाय: ॲड कोर्टात नेहमीपेक्षा एक पूर्ण पाऊल डावीकडे उभे राहा, अर्धा पाय डबल्सच्या पट्टीत गेला तरी चालेल. मागे जाऊ नका, तिरके पुढे जा. स्लाइस जितकी पुढे जाते तितकी बाहेर पळते, म्हणून ती पळायच्या आधी कापायची. आणि रिटर्न साइडलाइनलगत सरळ (डाउन द लाइन) मारायचा मोह टाळा. बाहेर ओढले गेलेले असताना डाउन द लाइन मारलं तर उरलेलं सगळं कोर्ट आमच्यासाठी मोकळं. उंच, क्रॉसकोर्ट, खोल. एवढं जमलं तर आमची सर्व्हिस निम्मी होते.

कोर्ट_नं_तीन

छान लिहिलंय डावखुरी. एक पुरवणी: १५-४० हा ब्रेक पॉइंट ड्यूस कोर्टात येतो, चार पॉइंट झालेले असतात. तिथे डावखुऱ्याला वाइड स्लाइसचा फायदा नाही, तो बहुधा टीवर किंवा अंगावर मारतो. टायब्रेकमध्ये पहिला पॉइंट ड्यूसमधून आणि त्यानंतर प्रत्येकाच्या दोन सर्व्हिसपैकी पहिली ॲडमधून असते, हेही डावखुऱ्यासमोर खेळताना ध्यानात असू द्या.

नेटकरी

आता पुढचा टप्पा. आखूड चेंडू ओळखायचा कसा? सर्व्हिस लाइन नेटपासून २१ फुटांवर, बेसलाइन ३९ फुटांवर. मधल्या १८ फुटांच्या पट्ट्यात उभं राहून खेळायचं नसतं, तिथून फक्त जायचं असतं. ज्या चेंडूसाठी तुमचा पुढचा पाय बेसलाइनच्या आत दोन-तीन पावलं टाकावा लागतो आणि जो चेंडू तुम्ही कमरेच्या आसपास घेऊ शकता, तो अ‍ॅप्रोचचा चेंडू. गुडघ्याखाली घ्यावा लागत असेल तर पुढे जाणं धोक्याचं, कारण तुम्हाला तो वर उचलावा लागतो आणि समोरच्याला पासिंग शॉटसाठी, म्हणजे तुमच्या बाजूने चेंडू काढायला, वेळ मिळतो.

कुठे मारायचा? सर्वसाधारण नियम डाउन द लाइन. याचं कारण भूमितीत आहे. बेसलाइनवर रॅली चालू असताना आणि नेटवर गेल्यावर, उभं राहायच्या योग्य जागा एकमेकींच्या उलट असतात. बेसलाइनवरून तुम्ही क्रॉसकोर्ट मारलात तर मधल्या खुणेपर्यंतही परत यायला लागत नाही, एखाद-दोन पावलं अलीकडेच थांबायचं. डाउन द लाइन मारलात तर मधली खूण ओलांडून पलीकडे जावं लागतं. नेटवर नेमकं उलट. तिथे चेंडू ज्या बाजूला आहे त्या बाजूला सरकायचं असतं. समोरचा त्याच्या कोपऱ्यात असेल आणि तुम्ही नेटपासून ८-१० फुटांवर असाल, तर तुमची जागा मधल्या रेषेपासून दोन-तीन फूट चेंडूच्या बाजूला. म्हणून डाउन द लाइन मारलं की सरळ धावत गेलं तरी तुम्ही जागेवर पोचता. क्रॉसकोर्ट अ‍ॅप्रोच मारला की अख्खं कोर्ट तिरकं ओलांडायचं, आणि तुम्ही पोचायच्या आत लाइनवरून पास होतो.

पॉवरगेम

पण आता नेटवर जाणं कालबाह्य झालंय. पॉलिएस्टरच्या तारा आल्यापासून पासिंग शॉट इतके खाली बुडतात की व्हॉली (टप्पा पडू न देता मारणं) करणारा पायाशीच खेळत बसतो. विम्बल्डनने २००१ पासून पूर्ण राय गवत लावलं, दुसऱ्याच वर्षी ह्यूइट आणि नाल्बांडियान असे दोन बेसलाइनवाले फायनलला. तिथेच सर्व्ह अँड व्हॉली संपली.

नेटकरी

गवताचं आणि तारांचं बरोबर आहे, पण निष्कर्ष पटत नाही. सर्व्ह अँड व्हॉली प्रत्येक पॉइंटला करणं संपलं. आखूड चेंडूवर पुढे जाणं कुठे संपलं? अल्काराझ बघा, ड्रॉप शॉट आणि नेट दोन्ही त्याच्या खेळाचा कणा आहेत.

दुसरं, ते बुडणारे पासिंग शॉट व्यावसायिकांचे. क्लबात तीच तार लावली तरी रॅकेटचा वेग तेवढा नसतो. धावत, बॅकहँडवर, खाली राहिलेल्या चेंडूवर पास मारणं हा क्लबातल्या बहुतेकांसाठी सर्वात अवघड फटका आहे. त्याला तो मारायला लावा की. तो तिसऱ्यांदा नेटमध्ये गेला की चौथ्या वेळी तुम्ही पुढे येताय हे बघूनच घाई करतो.

लालमाती

पृष्ठभागाचं कोणी लिहिलं नाही म्हणून आता लिहिते.

क्ले कोर्टवर स्लाइस अ‍ॅप्रोच हार्ड कोर्टसारखा सरपटत जात नाही. माती चेंडूला धरते, तो थांबतो आणि समोरच्याला वेळ मिळतो. क्लेवर अ‍ॅप्रोच जरा उंच टॉपस्पिनने, बॅकहँडच्या खांद्याकडे उसळेल असा मारा. हार्ड कोर्टवर, विशेषतः जुन्या गुळगुळीत झालेल्या सिंथेटिकवर, स्लाइसच उत्तम. खाली राहतो, समोरच्याला वाकून वर मारावं लागतं, आणि वर मारलेल्या चेंडूवर व्हॉली सोपी.

पुण्याकडे थंडीत पहाटे दव पडलेलं असतं. क्ले ओलसर, चेंडू मातीने जड. अशा वेळी पहिल्या सेटमध्ये नेटवर जाताना अ‍ॅप्रोचला जास्त जोर लावावा लागतो आणि ड्रॉप शॉट मात्र मरून पडतो. ऊन चढलं की उलटं. एकाच सामन्यात योजना बदलावी लागते.

आणि चेंडू तपासा हो. नियमाप्रमाणे २५४ सेंटीमीटरवरून सोडलेला चेंडू साधारण १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळायला हवा. सामन्याआधी डोक्याच्या उंचीवरून सोडून बघा, निम्म्यापर्यंतही येत नसेल तर तो मेलेला. मेलेल्या चेंडूंनी खेळलं की चिवट खेळणाऱ्याचं फावतं, तुमचा जोर सगळा वाया.

आगाऊ_लॉब

नेटवाल्यांनी माझ्या नावाकडे एकदा बघावं. दोन सामने नेटवर या, तिसऱ्यापासून डोक्यावरून जाईल. त्यावर उपाय?

नेटकरी

लॉब सगळ्यांना सारखाच लागत नाही. तो लागतो ते नेटला चिकटून उभं राहणाऱ्याला. नेटपासून चार फुटांवर उभा असलेला माणूस व्हॉलीला राजा आणि लॉबला भिकारी. पहिली व्हॉली बहुतेक सर्व्हिस लाइनच्या जरा पुढे होते, तिथेच ती खोल मारायची. मग दोन पावलं पुढे, पुन्हा स्प्लिट स्टेप. दुसरी व्हॉली कोनात. पहिल्याच व्हॉलीला कोन काढायला गेलं की चेंडू आखूड पडतो आणि समोरचा धावत येऊन कुठेही मारतो.

लॉब वर गेला की पहिली हालचाल पायांची नको, कंबर वळवायची. आडवं होऊन, पाय एकमेकांवरून टाकत मागे जायचं. तोंड नेटकडे ठेवून उलट्या पावली मागे जाणारे पडतात, मनगटं मोडतात, हे गंभीरपणे सांगतो. दुसऱ्या हाताचं बोट चेंडूकडे. रॅकेट आधीच खांद्याच्या वर. बेसलाइनच्या जवळ पडणारा लॉब टप्पा पडू देऊन मारा. आणि जो डोक्यावरून गेलाच, त्याच्यामागे सरळ धावू नका, चेंडूच्या एका बाजूने वळसा घालून धावा, म्हणजे परत मारायला जागा राहते. परत मारायचा तो उंच, क्रॉसकोर्ट लॉबच.

लॉबवाल्याला थांबवायचा खरा उपाय मात्र अ‍ॅप्रोचमध्ये आहे. अ‍ॅप्रोच खोल असेल तर चांगला लॉब निघत नाही. लॉब सारखे डोक्यावरून जातात म्हणजे तुमचे अ‍ॅप्रोच आखूड पडतायत.

डावखुरी

व्हॉलीबद्दल एक. सर्वात नेहमीची चूक म्हणजे ग्रिप. फोरहँडच्या सेमी-वेस्टर्न ग्रिपने पुढे जाऊन व्हॉली मारली की रॅकेटचं तोंड खाली झुकतं आणि चेंडू नेटमध्ये. फोरहँड व्हॉलीला एक ग्रिप आणि बॅकहँडला दुसरी असं करायला वेळ नसतो. दोन्हीकडे कॉन्टिनेंटल, म्हणजे हातोडा धरल्यासारखी. सुरुवातीला मनगट थकतं, दोन-तीन आठवड्यांत बसतं. रॅकेटचं टोक मनगटाच्या वर, चेंडू शरीराच्या पुढे, आणि रॅकेट मागे जाताना तुम्हाला स्वतःला ती डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत राहिली पाहिजे. दिसेनाशी झाली म्हणजे जास्त मागे गेली. खाली आलेली व्हॉली गुडघे वाकवून, कंबर वाकवून नाही.

न्यूजर्सीकर

नेटचं बोलणं निघालंय तर पेसचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. १९९६ ला अटलांटात मेलिजेनीला हरवून सिंगल्सचं ब्राँझ, आपल्या खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीनंतरचं भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९९८ ला न्यू हेवनमध्ये सँप्रासला सरळ सेटमध्ये. पेसकडे मोठा बेसलाइनचा खेळ नव्हता. चेंडू वर चढताना घ्यायचा, रिटर्न कापून पुढे यायचं आणि नेटवर हात चालवायचे. सिंगल्समध्ये नेट कसं वापरावं हे शिकायला आपल्यासाठी त्याच्याहून जवळचं उदाहरण नाही.

आणि ज्यांना व्हॉली घटवायची आहे त्यांनी आठवड्यात एक दिवस डबल्स खेळावं. ऋतुजा भोसले आणि बोपण्णा यांचं हांगझोउ आशियाई खेळांतलं मिश्र दुहेरीचं सुवर्ण बघितलं असेल, नेटवरची ती प्रतिक्षिप्त क्रिया नुसतं बेसलाइनवर ठोकून येत नाही.

कोर्ट_नं_तीन

पेसच्या उल्लेखावरून रिटर्न कापून पुढे येण्याबद्दल लिहितो, क्लबात हे फार कमी जण करतात.

फेडररने २०१५ मध्ये सिनसिनाटीत दुसऱ्या सर्व्हिसवर जवळपास सर्व्हिस लाइनपर्यंत धावत येऊन हाफ-व्हॉली (टप्पा पडताक्षणी मारलेला) रिटर्न मारायला सुरुवात केली, जोकोविचविरुद्धच्या फायनलमध्येही. तेवढं टोक गाठायची गरज नाही. साधी रीत अशी: समोरच्याची दुसरी सर्व्हिस मऊ आहे हे दोन-तीन गेममध्ये कळलं की टॉस हवेत असताना बेसलाइनच्या आत दोन पावलं या. आधी हलायचं नाही, तो बघतो आणि पहिलीसारखी जोरात मारतो. बॅकहँड स्लाइस, छोटा झोका, चेंडू लाइनवर किंवा सरळ मधोमध खोल. फटका मारताना थांबायचं नाही, चेंडू सोडून तसंच पुढे जायचं. समोरचा मारायला रॅकेट मागे नेतो तेव्हा तुम्ही जिथे असाल तिथे स्प्लिट स्टेप, सर्व्हिस लाइनच्या मागे असलात तरी. धावताना व्हॉली मारण्यापेक्षा दोन पावलं मागे पण स्थिर असलेलं बरं.

एका सेटमध्ये हे चार-पाच वेळा पुरे. त्याचा खरा परिणाम पुढे दिसतो. समोरचा दुसरी सर्व्हिस टाकताना तुमच्याकडे बघायला लागतो.

नवाखेळाडू

फार चांगली चर्चा. एक शंका: हे सगळं एकट्याने किंवा एकाच जोडीदाराबरोबर घटवायचं कसं? तासभराचंच कोर्ट मिळतं.

चिवट

तासाची वाटणी सुचवतो. पहिली दहा मिनिटं शरीर गरम करणं. मग पंधरा मिनिटं रिटर्न: जोडीदार सर्व्हिस बेसलाइनऐवजी सर्व्हिस लाइनच्या चार-पाच फूट मागून टाकेल. अंतर कमी, त्यामुळे साध्या सर्व्हिसलाही वेळ कमी मिळतो आणि रॅकेट मागे न्यायची सवय आपोआप सुटते. बेसलाइनच्या आत सहा फुटांवर चेंडूच्या डब्यांची आडवी रांग लावा, रिटर्न त्यापलीकडे पडला तरच मोजायचा.

पुढची पंधरा मिनिटं 'एकच सर्व्हिस' गेम. प्रत्येक पॉइंटला सर्व्हरला एकच संधी, म्हणजे तो दुसरी सर्व्हिसच टाकणार. रिटर्नरला आत पाऊल टाकणं सक्तीचं.

उरलेल्या वेळात ११ पॉइंटचे गेम, कोणी नेटवर आलं की तो पॉइंट, जिंकणारा कोणीही असो, दोन गुणांचा. यात लॉबवालाही आनंदाने खेळतो, कारण त्याच्या लॉबची किंमतही दुप्पट वसूल होते.

लालमाती

चिवट यांच्या गेममध्ये एक बदल: काही गेम ०-३० पासून सुरू करा. मागे असताना कुठली सर्व्हिस आणि कुठला पहिला फटका हे ठरवायची सवय त्यातून लागते. दबावात नवा फटका शोधायचा नसतो, आधी ठरवलेला मारायचा असतो.

पॉवरगेम

नेटबाबत माझं मत थोडं सैल झालंय. पण धागाकर्त्याने मूळ प्रश्न चिवट खेळणाऱ्याचा काढला होता. जो प्रत्येक चेंडू उंच, मधोमध, बेसलाइनजवळ टाकतो, वेग देतच नाही. त्याच्याकडून आखूड चेंडू येतच नाही. मग साखळी सुरू कशी करायची?

सेकंडसर्व्ह

नेमका प्रश्न. माझ्या डोक्यात होतं ते लिहितो, बाकीच्यांनी सुधारावं.

असा खेळाडू खोलीवर जगतो, वेगावर नाही. त्याला दोन्ही बाजूंना पळवून काही होत नाही, बाजूला धावणं त्याला आवडतं. त्याला पुढे-मागे हलवा. क्रॉसकोर्टचा कर्ण ८२ फुटांच्या वर आहे, सरळ रेषा ७८ फूट, त्यामुळे आधी तीन-चार फटके बॅकहँडकडे क्रॉसकोर्ट, उंच. मग एक आखूड स्लाइस, सर्व्हिस लाइनच्या आत, नेट जेमतेम ओलांडणारी. तो पुढे येईल, पण नेटवर यायची त्याची तयारी नसते. तिथून तो जे मारेल ते बहुधा उंच आणि मधोमध.

नेटकरी

आणि त्याच्या त्या उंच चेंडूंचं काय? ते टप्पा पडून खांद्याच्या वर येतात, म्हणून सगळे मागे मागे जातात. मागे जायचं नाही. चेंडू त्याच्या रॅकेटवरून उंच निघाला हे दिसताक्षणी, तो नेट ओलांडायच्या आत, पुढे निघा. सर्व्हिस लाइनच्या थोडं मागे तो हवेतच, खांद्याच्या उंचीला घ्या. पूर्ण झोका घेऊन मारायची गरज नाही, फोरहँडच्या नेहमीच्या ग्रिपने मध्यम वेगात मोकळ्या कोपऱ्यात पुरे. हा एकच फटका आहे जिथे हवेतल्या चेंडूला कॉन्टिनेंटल सोडून फोरहँडची ग्रिप चालते, डावखुरी यांचा नियम बाकी सगळीकडे पाळा.

बॅकहँडकडे उंच आला तर हा प्रयोग करू नका. तिथे साधी व्हॉली, खोल, त्याच्याच बॅकहँडला, आणि नेटकडे जा.

डावखुरी

मान्य. फक्त वारा असेल त्या दिवशी हवेतला चेंडू घेताना पाय शेवटच्या क्षणापर्यंत हलते ठेवा. आणि वारा पाठीमागून असेल तर हा फटका थोडा आखूड मारा, समोरून असेल तर निर्धास्त मारा.

नवाखेळाडू

रविवारी सकाळी साडेसहाचं कोर्ट मिळालंय. एकच सर्व्हिसवाले गेम आणि उंच चेंडू हवेत घेणं, या दोनपासून सुरुवात करतो. रिटर्नला डब्यांची रांग सहा फुटांवर म्हणालात, सुरुवातीला आठवर ठेवली तर चालेल ना?

चिवट

चालेल. दहापैकी सात पलीकडे पडायला लागले की सहावर आणा.